चिमीचं घोरणं थांबलं

अरे घोरासुरा,

माझ्या आईला हॉस्पिटलात चिमीजवळ बसवून अंघोळीपुरती घरी आले होते. तू कामावरून येईपर्यंत थांबता येत नाही. जेवण झाकून ठेवलंय. गरम करून, बसून खा.

काल चिमीला मास्क लावला. इवल्याशा नाकावर तो, आणि मशीन त्यातून हळूहळू हवा सोडत राहतं, म्हणजे झोपेत तिचा घसा मिटत नाही. आधी नुसता थयथयाट! मग नर्सने तसलाच एक मास्क माझ्या नाकावर लावला, तेव्हा हसली लबाड. आता गाढ झोपते.

पण घोरत नाही रे. "बापावर गेलीय" म्हणून आपण किती हसायचो. तू ते फोनवर रेकॉर्ड करून सगळ्या नातेवाइकांना पाठवलंस. अरे, तेच ऐकून तर डॉक्टरांना शंका आली की मधेमधे तिचा श्वास अडतोय. मग तू कशाला तोंड लपवतोस? रोज दारातूनच डबा देऊन सटकतोस, मला कळत नाही का?

तिथे सगळं ठीक आहे. फक्त फार शांत आहे. तिचं घोरणं ऐकू येत नाही, म्हणून मी सारखी उठून तिची छाती हलतेय का बघते.

आज दारातून परत जाऊ नकोस. खाटेशेजारी खुर्ची रिकामीच असते. तिच्यात आडवा हो आणि घरी घोरतोस तसा दणकून घोर. म्हणजे माझा डोळा लागेल.