पंखा नेणाऱ्याला टॉवेल

ती. दादास,

धाकटीचा, गुडघ्यांना झेपेल इतका वाकून नमस्कार.

तुझं गेल्या महिन्यातलं पत्र पोचलं. तब्येतीला जप. डोळ्यांत थेंब घालायला विसरू नकोस, आणि घालताना आरशासमोर उभा राहू नकोस (डोळे मिटल्यावर आरशात काय दिसणार आहे तुला?). वहिनी गेल्याला आता दीड वर्ष होईल. एवढ्या घरात तू एकटा, पण दर महिन्याला येणाऱ्या तुझ्या पत्राची पहिली ओळ ठरलेली: ‘मी मजेत आहे, काळजी नसावी.’ बाबांनी लावलेली शिस्त तू अजून पाळतोस हेही मला ठाऊक आहे. पत्र आधी कच्चं लिहायचं, हवी तेवढी खाडाखोड करायची, मग सुवाच्य अक्षरात पक्कं उतरवायचं आणि कच्चं फाडून टाकायचं. मी ती शिस्त लग्नानंतर आठ दिवसांत सोडली, म्हणून माझी पत्रं अशी भरकटतात. तर आता भरकटते.

आमच्या कचेरीत सध्या शाळेतल्या मुलांसाठी शब्दकोश चाललाय. प्रत्येक शब्दाला एक कार्ड, कार्डावर अर्थ आणि अर्थाखाली रोजच्या बोलण्यातलं एक वाक्य. अर्थ विद्वान मंडळी लिहितात. वाक्यं माझ्याकडे, कारण मुख्य संपादकांच्या मते माझ्यापाशी बोलणं मुबलक आहे. (त्यांना आम्ही पाठीमागे ‘पूर्णविराम’ म्हणतो. ते बोलले की विषय संपतो.) वाक्य बारा शब्दांच्या आत हवं, हा त्यांचा एक नियम. दुसरा जास्त छळवादी: वाक्यातला शब्द काढून तिथे शेजारपाजारच्या अर्थाचा शब्द घालून बघायचा, तोही चपखल बसला तर वाक्य नापास. ‘भांडखोर’चं वाक्य माझं एका फटक्यात पास झालं (जाऊबाईंना कळवू नकोस). पुढचं कार्ड निघालं ‘भाबडा’. अर्थ लिहिला होता, ‘निष्कपट, जगाचा अनुभव नसलेला, चटकन विश्वास ठेवणारा.’ म्हटलं, हे तर दोन मिनिटांचं काम. डोळ्यांसमोर तू उभाच होतास, अर्ध्या चड्डीत, केसांना चापून तेल लावून.

पहिलं वाक्य मी फोटोवाल्याचं लिहिलं. आठवतंय ना? तुझा शाळेचा फोटो काढायला आपण गेलो होतो, आई मला घेऊन शेजारच्या दुकानात शिरली होती, आणि फोटोवाल्याने तुला बजावलं होतं की हलायचं नाही. फोटो निघाला, फोटोवाला दाराला कडी लावून जेवायला गेला, आणि आम्ही परत येऊन काचेतून बघतो तर तू स्टुलावर तसाच, मान वाकडी, श्वाससुद्धा बेताचा. ‘झालं’ असं कुणी म्हणालंच नव्हतं! दुसरं वाक्य तुझ्या पहिल्या नोकरीचं. साहेब पहिल्या दिवशी म्हणाले, इथे अगदी घरच्यासारखं वागायचं, आणि दुसऱ्या दिवशी तू घरून उशी घेऊन गेलास. (साहेब चार दिवस रागावले आणि पाचव्या दिवसापासून दुपारी स्वतःच त्या उशीवर पडायला लागले, पण ते बारा शब्दांत कुठून आणू?) दोन्ही कार्डं परत आली. लाल शाईत शेरा होता: ‘इथे “मूर्ख”ही बसतो.’

दादा, मला राग आला. तुला मूर्ख म्हणायचा हक्क या जगात फक्त मला आहे, पूर्णविरामांना कुणी दिला? मग मी हुकमाचं पान काढलं. पंखा. एक माणूस शिडी घेऊन दारात आला, म्हणाला पंखा दुरुस्तीला न्यायचाय, आणि घरात मोठा म्हणून तूच होतास, वय वर्षं बारा. तू त्याची शिडी धरलीस. तो घामाघूम झाला म्हणून खालून त्याला टॉवेल दिलास, पाणी दिलंस, आणि जाताना फाटकही उघडून दिलंस. मी लिहिलं, ‘पंखा चोरणाऱ्याची शिडी भाबड्या दादाने धरली.’ तासाभरात कार्ड परत. शेरा तोच.

मी तडक पूर्णविरामांच्या खोलीत गेले. एकोणतीस वर्षांत त्यांच्यासमोर पहिल्यांदा आवाज चढवला. म्हटलं, मूर्ख माणूस शिडी धरेल हो, पण टॉवेल देणार नाही. आणि त्यानंतर वर्षभर बाबांना नवा पंखा घेऊ देणार नाही, का, तर तो माणूस परत आला तर जुना लावायचा कुठे! बाबांसारखा तापट गृहस्थ दोनदा दुकानापर्यंत जाऊन हात हलवत परत आला होता, तुझं तोंड बघवेना म्हणून. त्या उन्हाळ्यात भर दुपारी आपण चौघं गार फरशीवर आडवे पडायचो, वरच्या रिकाम्या आकड्याकडे बघत, आणि आई वहीच्या पुठ्ठ्याने सगळ्यांना वारा घालायची. तुला एका शब्दाने कुणी टोचलं नाही. त्या फरशीवर आपण जेवढे बोललो, तेवढे नंतर कधी बोललो नाही रे. हे सगळं मी त्यांना सांगत सुटले. पूर्णविरामांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “बाई, मग हेच लिहा. बारा शब्दांत.”

तर पत्रास कारण एवढंच की, पंख्याची हकीकत कोशात घालायला तुझी परवानगी हवी आहे. हजारो पोरं वाचणार, मागाहून तक्रार नको. यांचा नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. परवानगी मागितली खरी, पण कार्ड मंगळवारीच छापखान्यात गेलं. त्यातला भाबडा तू नाहीस. टॉवेल काही केल्या बारा शब्दांत मावेना.

ता. क. २. त्यातली भाबडी मी आहे. गेल्या महिन्यात तू पक्कं फाडलंस आणि कच्चं पाकिटात घातलंस. (शिडी धरणाऱ्याकडून आणखी काय होणार!) वर ‘मी मजेत आहे’ आणि खाली तीन-तीनदा खोडलेल्या ओळी. खिडकीच्या उजेडात धरल्यावर वाचता आल्या. ‘अजून चुकून दोन कप चहा करतो, एक ओतून देतो. बोलायला कुणी नसतं गं. तुझ्याकडे आलो तर अडचण होईल का?’ मी स्वयंपाकघरात बसून रडले आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन वाक्य लिहिलं: ‘दादा मजेत आहे, यावर त्याच्या भाबड्या बहिणीने दीड वर्ष विश्वास ठेवला.’ या खेपेला मीच म्हटलं, साहेब, इथे ‘मूर्ख’ही बसतोय. त्यांनी दोनदा वाचलं, म्हणाले, “असू दे,” आणि सही केली.

ता. क. ३. मागच्या खोलीतली अडगळ काढून पलंग टाकलाय, पंखाही बसवलाय. शिडी यांनी धरली, टॉवेल मी दिला. शनिवारी तुला न्यायला येतेय, उशी घेऊन तयार राहा. त्याआधी उत्तर लिहिलंस, तर कच्चंच पाठव.