डब्यातलं रबर

१२ जानेवारी १९६९, रविवार

आलं — मुंबईहून पार्सल. जाड रबराचा ताव एक, रुपये अडतीस. पितळी व्हॉल्व्ह चार, बावीस. हमाली आठ आणे.

अडतीस रुपयांचं रबर! आणि एका तावात एकच पडदा निघतो म्हणे.

हे म्हणाले, "नजीरा, ह्यो डबा पेट्रोलच्या ट्रकला बसला की ड्रायव्हरला ब्रेकवर उभं ऱ्हावं लागायचं न्हाय." इंजिन हवा ओढतं, त्या ओढीनं डब्यातला रबरी पडदा सरकतो, आणि ब्रेक नुसत्या पायाच्या टेकण्यानं लागतो. परदेशी गाड्यांना असतं तसं. यांनी पत्रा ठोकून घरचं केलं!

१४ जानेवारी

वर्कशॉपच्या मागं ट्रकच्या जुन्या ट्यूबा पडल्यात. मी म्हटलं, पडदा त्यातूनच कापा की. तेही रबर हवाच धरून ठेवतं ना?

यांना पटलं. "मॅट्रिक बायको केली ते वाया न्हाय गेलं!"

मुंबईच्या रबराचा एकच डबा केला, तो नमुना म्हणून ठेवला. बाकीचे तीन ट्यूबचे. एकशे चौदा रुपये वाचले. उरलेले तुकडे मी घरी आणले, टाकायचे कशाला.

८ फेब्रुवारी

तिन्ही डबे बसले. राधानगरीच्या जोतीरामांची गाडी, कबनूरच्या केरबांची सुताची गाडी, आणि आमचा चमन. हा माझा पाठचा भाऊ, आजऱ्याला असतो. भात घेऊन आंबोलीचा घाट उतरतो, काजू घेऊन चढतो.

आज जेवायला आला होता. म्हणे, "आपा, वळणावर म्हस आडवी. पायाची करंगळी टेकवली — गाडी जाग्याव! म्हस माझ्याकडं बघत्या, मी म्हशीकडं. शेवटी तीच लाजून गेली." हे हसता हसता ठसकले. "करंगळीनं गाडी चालवू नगंस, पावणं!"

मी हसले, पण आत जाऊन आभाराच्या नमाजाचे दोन रकात पढले. गेल्या वर्षी तिथंच त्याचा पाय ब्रेकवर थरथरत होता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जोतीरामांची गाडी पासिंगला नेली आणि तिथल्या साहेबांनी अडवली! परवानगीशिवाय ब्रेकला हात लावायचा नाही. डबा काढा, मगच पासिंग.

यांनी मैदानात तीनदा गाडी थांबवून दाखवली. साहेब म्हणाले, "मिस्त्री, आज थांबते हे मी पाहिलं. सहा महिन्यांनी थांबेल का, ते तुम्ही सांगा."

हे जुम्म्याच्या नमाजला गेले ते तसेच, न जेवता. जोतीराम दारात ओरडत होते, "सरकार काय घाटात उतरतंय व्हय? मरणार आमी, आन शिक्का त्यांचा!"

२३ फेब्रुवारी

पुण्याच्या मोठ्या कचेरीला अर्ज. लिहिला मी. चार पानं झाली. हे म्हणाले, "लई कडक झालंय." असू दे! लिहिलं — परदेशातली मोटार सुधारली तर ती प्रगती, आणि आमच्या माणसानं सुधारली तर ती छेडछाड? नवं काही गाडीत घालायचंच नाही असा नियम करून माणसं वाचतात का?

सोबत नमुन्याचा डबा रेल्वेनं पाठवला. साहेबांचं ते सहा महिन्यांचं वाक्य अर्जात घातलं नाही. 

१६ एप्रिल

पुण्याहून काही नाही. पाची वक्त नमाजात एकच दुआ, मंजुरी येऊ दे.

६ मे, मंगळवार

मंजुरी आली!! सरकारी शिक्का, लाखेची मोहोर. अल्लाहचे लाख लाख आभार. गल्लीत पेढे वाटले. जोतीराम आपला डबा घेऊन हजर — "बसवा परत. आता कोण अडवतंय बघू!" संध्याकाळपर्यंत अठरा गाड्यांची मागणी. यांनी ते पत्र चष्मा लावून, चष्मा काढून, दोन्ही तऱ्हांनी वाचलं.

९ मे, शुक्रवार



रॉकेलच्या डब्याचं बूच सैल होतं म्हणून फेब्रुवारीत त्याला ट्यूबची चकती कापून लावली होती. आज बूच निघेना. ओढलं तर चकती फुगून दुप्पट झालेली. भिजलेल्या पापडासारखी. बोटानं नुसती दाबली आणि फाटली!

मग डोक्यात आलं. इंजिनकडून ब्रेकच्या डब्यात पेट्रोलची वाफ जाते. रॉकेल काय, पेट्रोल काय.

पुण्याला गेला तो मुंबईच्या रबराचा. शिक्का त्याला मिळाला. घाटात फिरतायत ते माझ्या ट्यूबचे.

१० मे

यांना चकती दाखवली. हातात घेऊन चिमटीत दाबून बघितली. त्यांना लगेच कळलं, ते मला कळलं.

"पडदा फाटला तरी ब्रेक लागतोय, नजीरा. नुसता जड व्हतोय, पहिल्यासारखा."

"आणि करंगळीची सवय झालेला पाय?"

त्यांनी चकती खाली ठेवली. मग म्हणाले, "पावसाच्या आधी सगळे पडदे बदलू. गुपचूप. आत्ता बोललो तर अठरा गाड्या माघारी जातील. परत कोण दारात उभं करील मला?"

"आणि तवर?"

टोपी घातली, गेले. तीस वर्षं लोखंडात घातलेला माणूस. त्यांचं चुकतंय असं म्हणवत नाही, बरोबर आहे असंही म्हणवत नाही. रबर मी सुचवलं होतं.

पोस्टात जाऊन चमनला तार केली. गाडी घाटात नेऊ नकोस. एवढंच मावलं.

११ मे, रविवार

आजऱ्याच्या एसटीच्या कंडक्टरकडून चमनचा उलटा निरोप — "आपाला सांगा, आता सरकारनंच पास केलंय. भ्या कशाचं? काजूचा हंगाम हाय, रोज दोन खेपा मारतोय."

मंजुरी यावी म्हणून अडीच महिने दुआ मागितली. आली. आता कुठल्या तोंडानं काय मागू?

१२ मे, सोमवार

फजरच्या नमाजनंतर लिहिलं. जोतीराम आणि केरबांना अशीच कार्डं गेली. हे त्यातलं तिसरं, नक्कल ठेवते :

"चि. चमन यास नजीराआपाची दुआ. सरकारनं पास केला तो डबा वेगळा. तुझ्यातलं रबर जुन्या ट्यूबचं, माझ्या सांगण्यावरून घातलेलं. पेट्रोलच्या वाफेनं ते फाटणार. आजच डबा काढ. मग ब्रेक जड लागेल, पाय पुरता दे. पासिंगच्या साहेबांनाही तिन्ही गाड्यांचे नंबर लिहून कळवले आहेत, ते तुला अडवतील, त्यांच्याशी भांडू नकोस. ही कार्डं लिहिल्याचं तुझ्या दाजींना माहीत नाही, आज सांगेन. डबा काढला एवढंच, उलट टपाली कळव."