हॉलचा जांभळा रंग

चिंगे,

दार उघडून दचकू नकोस, घर आपलंच आहे. हॉल मीच जांभळा करून घेतलाय आणि स्वयंपाकघर पिवळंधमक. तुझ्या आईला पांढऱ्या भिंती आवडायच्या, ठाऊक आहे मला. पण ती गेल्यावर त्याच भिंती खायला उठायच्या.

ते नक्षीचं मोठं टेबल जुन्या बाजारातून आणलं. “एकट्या माणसाला आठ खुर्च्या कशाला?” असं दुकानदारानेही विचारलं. मी म्हटलं, “लेक येते ना!” टेबल पोचवायला आलेली माणसं त्याच खुर्च्यांवर बसून चहा प्यायली. बरं वाटलं.

खरं सांगू? रंगारी घरात असला की दिवसभर कुणीतरी बोलत असतं. त्याचं काम संपत आलं, तेव्हा मी त्याला बाल्कनीही रंगवायला सांगितली.

आता सुताराकडे जातोय, जुन्या आरशाची चौकट निखळलीये. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

तुझ्या खोलीला मात्र मी कुणाला हात लावू दिलेला नाही. तिथला रंग तू निवड, आणि तो वाळेपर्यंत तरी राहा.

बाबा