स्प्रिंगफील्ड लेक्सची हडळ

आदरणीय दीनानाथदादांना ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्सहून मुरलीधरचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता फक्त जिन्यावरच कुरकुरत असेल आणि वहिनींनी तुमच्या चहात पुन्हा साखर घालायला सुरुवात केली असेल, अशी आशा करतो. आम्ही दोघं लेकीकडे, मंजिरीकडे, मजेत आहोत. (माझं पोट सोडून. घरात उरलेली चॉकलेटं संपवण्याचं काम माझ्याकडे आहे.) हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही मधेच बोलता, आणि ही हकीकत मधे बोलू देण्यासारखी नाही. तुमच्या धाकट्या बहिणीबरोबर इतकी वर्षं संसार करून ती कोण आहे हे मला गेल्या आठवड्यात कळलं. अजून मी तिच्याकडे जरा दबकूनच बघतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमची नात अनुष्का या वर्षी नव्या शाळेत गेली. तिला आणायला शोभा जायची. अंगावर पातळ, त्यावर जावयाची जाडजूड हुडी, पायात पांढरे बूट. (आल्या आल्या इथे हिवाळा होता, आणि सवय लागली ती लागली.) एके दिवशी अनुष्का तिला म्हणाली, ‘आजी, यू कॅन वेट इन द कार.’ आता दादा, गाडी आम्हा दोघांनाही चालवता येत नाही, शाळेत आम्ही चालत जातो. त्यामुळे गाडीत थांब म्हणजे येऊच नको, हे शोभाने ओळखलं. तेव्हापासून मी जातो आणि ती त्या वेळी भाजी निवडत बसते. निवडून झालेली भाजी पुन्हा निवडते.

तर ऑक्टोबरच्या शेवटी इथे हॅलोवीन असतो. पोरं भुतंखेतं बनून दारोदार चॉकलेटं मागतात आणि मोठ्यांनी घाबरल्यासारखं करायचं असतं. अनुष्कासाठी मंजिरीने चेटकिणीचा पोशाख ऑनलाइन मागवला होता. तो त्याच दुपारी आला, आणि बाहुलीलाच बसेल इतका लहान निघाला. मंजिरी हॉस्पिटलात शिफ्टला. जावई हृषिकेश मीटिंगसाठी खोलीत बंद. अनुष्का बाथरूमला कडी लावून रडायला लागली. मी दाराबाहेरून समजूत घालायला गेलो. (मी म्हणालो, भूत होण्यापेक्षा परी हो. रडण्याचा आवाज वाढला.)

शोभाने मला बाजूला केलं आणि दारावर टकटक केलं. म्हणाली, ‘रडून झालं की बाहेर ये. आपल्याकडची भुतं बघितली नाहीस तू अजून.’

बऱ्याच वेळाने कडी निघाली. ‘बट आजी, आय हॅव नथिंग टू वेअर.’

‘कपाटाचं दार लागत नाहीये एवढे कपडे आहेत, आणि म्हणे नथिंग,’ शोभा म्हणाली. तिने नवा कपडा शोधलाच नाही. शाळेचा गणवेश काढला आणि पोरीच्या अंगावर उलटा चढवला, गुंड्या पाठीवर. दप्तर पाठीऐवजी छातीवर. मग केस मोकळे करून सगळे पुढे घेतले, चेहरा पार झाकून टाकला, आणि त्यांच्या समोरच्या बाजूला दोन वेण्या घालून रिबिनी बांधल्या. बघायला बारीकशी फट ठेवली. झालं. समोरून बघावं तर पोर आपल्याकडे पाठ करून उभी, आणि बुटांची टोकं मात्र आपल्याकडे! दादा, उलट्या पावलांची हडळ! दिवसाउजेडी, दिवाणखान्यात, टीव्हीसमोर! मी हातातल्या चकलीसकट सोफ्यावर बसलो.

शोभाने तिला आरशासमोर नेलं आणि हडळीची पावलं उलटी का म्हणतात ते कानात सांगितलं. काय सांगितलं कोण जाणे, पण केसांच्या आडून बारीक आवाज आला, ‘वॉव, आजी.’

गल्लीत विकतची भुतं पुष्कळ होती, सगळी एकाच कारखान्यातली. ही फाटकापाशी नुसती उभी राहिली. समोरचे ल्यूक म्हणून म्हातारे गृहस्थ आहेत, ते चॉकलेटांचा वाडगा घेऊन म्हणाले, ‘टर्न अराउंड, लव्ह.’ ती वळली नाही. पाठमोरीच त्यांच्या दिशेने चालत आली. वाडगा हिरवळीवर उपडा झाला. ल्यूकना या वर्षी घाबरल्यासारखं करावं लागलं नाही.

सगळी पोरं तिच्याभोवती जमली. मग एकच गिल्ला. हाऊ डिड यू डू दॅट? आणि अनुष्का म्हणाली, ‘माय आजी मेड मी.’

अर्ध्या तासात आमच्या अंगणात रांग लागली. शोभा पायरीवर बसून एकेकाचा शर्ट उलटवत होती, पाठीवर गुंड्या लावत होती, ‘हलू नकोस रे’ म्हणत होती, आणि मराठीचं अक्षर न कळणारी ती गोरी, सावळी पोरं पुतळ्यासारखी उभी राहत होती. (मी दारात चॉकलेटं वाटत होतो. एसी लागतो म्हणून पट्ट्यापट्ट्याचा पायजमा, बनियन, मफलर आणि माकडटोपी. इथे झकासला रिपर म्हणतात. ल्यूक येऊन म्हणाले, ‘रिपर कॉस्च्यूम, मेट! व्हॉट आर यू?’ मी म्हणालो, ‘रिटायर्ड.’ ते हसता हसता खाली बसले.)

मग ती सगळी फौज पुढच्या गल्लीकडे निघाली आणि अनुष्का परत धावत आली. ‘आजी, तू पण चल ना.’ चक्क मराठीत.

शोभा उठली, मग थांबली. हुडीकडे बघून म्हणाली, ‘थांब, हे बदलून येते.’

‘नो, नो. अशीच चल.’ आणि हात धरून घेऊन गेली. मी दारातून बघत राहिलो. पुढे उलट्या पावलांची पोरं, मध्ये तुमची बहीण. माझ्या चष्म्यावर वाफ आली होती. माकडटोपीमुळे येते तशी.

वहिनींना नमस्कार, निनादच्या बाळाला गालगुच्चा.
तुमचा,
मुरलीधर

ता. क. : डिसेंबरात तुमची पंचाहत्तरी आहे हे आम्ही विसरलेलो नाही. पण अशा वेळी आजीला नातीपासून तोडणं बरं दिसेल का? शोभाला तुम्हाला सांगायचा धीर होत नाही. तुम्हीच मोठ्या मनाने ‘यंदा राहू द्या’ म्हणावं, एवढीच विनंती.

ता. क. २ : दादा, मी शोभा. पाकीट बंद करायच्या आधी वाचलं म्हणून बरं. मी पंचाहत्तरीला येते आहे, मंजिरी आणि अनुष्काही येताहेत. यायचं नाहीये ते ह्यांनाच. ल्यूकनी ह्यांना डिसेंबरातल्या, हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या लॉन बोल्सच्या सामन्यात घेतलंय, आणि मला सांगायचा धीर ह्यांना होत नाहीये. अनुष्काला हे पत्र मराठीतूनच वाचून दाखवलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आजी, आजोबा इतका वेळ सॉरी कोणाला म्हणतायत? मामाआजोबांना की तुला?’