डाव्या सीटवरचं वजन

कोलशेत, ठाणे
शनिवार, दुपार

प्रिय सिद्धेश,

गाडी मिळाली. सोमवारी सुदेशने आणून लावली, किल्ली टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता सटकला. तुझा मित्र शोभतो खरा. दोन वर्षांनी तुझी ती दोन दारांची लाल गाडी वर्कशॉपच्या दारात बघून पप्पा मात्र असे हरखले की हातातला पाना तसाच घेऊन तिच्याभोवती फिरत राहिले. मी आधी काचेतूनच बघितलं. तू आत नाहीस याची खात्री झाली, मग बाहेर आले.

तुझा निरोपही सुदेशनेच दिला. गाडी रोजची आहे, सस्पेन्शन बदलायचं आहे, थोडी खाली बसलेली दिसली तर छानच, पण धक्के बसता कामा नयेत. डाव्या सीटवर रोज सेहेचाळीस किलोचं माणूस बसतं, त्याला झटका सोसत नाही. वा रे वा! ‘माणूस’ म्हणे. बाई म्हणायला जीभ जड झाली का? आणि सेहेचाळीस? मी चार वर्षं त्या सीटवर बसले, माझं वजन तू एकदा तरी विचारलंस?

सुदेशला खोदून विचारलं तर म्हणाला, “मला काय माहीत नाय, तू त्यालाच विचार ना.” तुला कसं विचारणार? परवा फोनवर तू काहीतरी लिहितोयस असं दिसत होतं, बराच वेळ दिसत होतं, आणि आलं काहीच नाही. तुझं सगळं असंच. तुझ्या आईंनी मला नाकारलं तेव्हाही ‘थोडं थांब’ म्हणालास. मी थांबले, आणि हळूहळू तुझे फोनच थांबले.

मग मी गाडी उघडली. कामासाठीच उघडली, पण खरं सांगायचं तर हेरगिरीसाठी. डावी सीट पार मागे सरकवलेली, पाठ रेललेली. म्हणजे बाईसाहेब पाय पसरून ऐसपैस बसतात. कमरेमागे भरतकाम केलेली छोटी उशी. मागे घडी घातलेली शाल, कारण एसी सोसत नसणार नाजूक जिवाला. दाराच्या खणात आलेपाकाच्या वड्या. मी त्या सीटवर वडापाव खाल्ला तर चटणी सांडेल म्हणून तू मला खाली उतरवायचास, आठवतं? आणि हिला आलेपाक! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एक वडी मी खाऊन टाकली, मोजून ठेवल्या असशील तर असू देत.

त्या भरात मी काय ठरवलं होतं तेही सांगते. आपल्याकडे एक कॉइलओव्हरचा सेट पडून आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, उंची हवी तशी खालीवर करता येते. शर्यतीच्या गाडीचा आहे, दगडासारखा कडक. तो बसवला असता तर गाडी अशी देखणी खाली बसली असती की तू पार्किंगमध्ये वळून वळून बघितलं असतंस. आणि कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात तुझ्या त्या सेहेचाळीस किलोंनी किंकाळी फोडली असती. मी तो सेट पुसून बाकावर काढूनही ठेवला. पप्पांनी बघितलं आणि विचारलं, “बाय, रोजची गाडी हाय ना?”

रोजची आहे, म्हणूनच मला जास्त जळलं. एखाद्या रविवारी कुणाला फिरवलंस तर एक वेळ समजू शकते. रोज म्हणजे रोज ती तुझ्या शेजारी बसणार, तू गिअर टाकताना तुझं कोपर तिला लागणार, पत्रीपुलावर गाडी अडकली की तुमच्या गप्पा होणार.

मग मला आमचा नियम आठवला. तुलाही ठाऊक आहे. खालच्या जोडांमध्ये रबराचे बुश असतात, त्यांचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकवून आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून आम्ही शेवटचा पीळ गाडी चाकांवर उभी करून, रोज बसणारी माणसं आत बसवूनच देतो. बाकीचे सीटवर वाळूच्या गोण्या ठेवतात, पप्पांना ते पटत नाही. या गाडीचं काम पहिल्यांदा केलं तेव्हा आपण दोघं तसेच बसलो होतो. खाली पप्पा बोल्ट आवळत होते आणि वर तू माझा हात धरून ठेवला होतास, पप्पांना दिसत नाही म्हणून.

तर मी सुदेशला फोन केला, जिचं वजन आहे तिला पाठव, नाहीतर काम होणार नाही. मला तिला बघायचंच होतं. आज सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला, मम्मीचे मोत्याचे डूल घातले, लिपस्टिकसुद्धा लावली. ग्रीसच्या डब्यांमध्ये लिपस्टिक! पप्पा गालातल्या गालात हसत होते.

रिक्षा थांबली. सुदेशने हात दिला आणि कमरेला पट्टा बांधलेल्या तुझ्या आई खाली उतरल्या.

किती वाळल्यात रे त्या. मणक्याचं ऑपरेशन झालं, घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून तू ऑफिसला जाताना त्यांना रोज वर्तकनगरला मावशीकडे सोडतोस, हे सगळं मला त्यांच्याच तोंडून कळलं. उशी, शाल, आलेपाक, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला एक तरुण बाईच दिसत होती. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “माझं नाव नको सांगूस, असं मीच त्याला म्हटलं होतं. म्हटलं, नाव ऐकून तू गाडीला हात लावायची नाहीस.” मग म्हणाल्या, “मी म्हणाले विकून टाक ही गाडी, मोठी घे, मला चढा-उतरायला बरं. तर नाही म्हणतो. का, ते सांगत नाही.” आणि लगेच, “चहा आहे का गं?” याच आईंनी तुमच्या डोंबिवलीच्या घरी माझ्या हातचा चहा तसाच ठेवून दिला होता. आज दोन कप घेतले.

माफ केलंय असं समजू नकोस. मला तर अजून जळतंय. त्या रोज तिथे बसतात ना!

कडक सेट मी आत ठेवून दिलाय. मूळच्या उंचीपेक्षा किंचितच खाली बसणाऱ्या, सुरुवातीला मऊ दबणाऱ्या स्प्रिंग घातल्यात आणि मऊ-कडक करता येणारे शॉकअप. दोन्ही बाजू सारख्याच ठेवल्यात, फक्त डावी मऊ केली तर गाडी वळणावर लंगडते. गाडी झुकलेली दिसणार नाही, पण स्पीडब्रेकरवर आईंना त्रास होणार नाही. बुश सगळे नवे.

आता हे पत्र कशासाठी, ते. आई बाहेर पप्पांशी बोलत बसल्यात, जाताना त्यांच्याच हाती देणार आहे, म्हणजे तुला मिळालं नाही म्हणता येणार नाही. बोल्ट मी मुद्दाम अर्धवट आवळून ठेवलेत. गाडी अशी रस्त्यावर नेता येणार नाही. उजव्या सीटवर तुझं वजन लागेल, आणि सुदेश तुझ्याएवढाच भरतो हे मला चालणार नाही. उद्या चर्चहून आले की वर्कशॉप उघडते. आईंना पुन्हा रिक्षाने इथवर आणू नकोस, त्यांची कंबर आधीच हैराण आहे. माझं वजन त्यांच्यापेक्षा थोडं जास्त आहे, पण तेवढा फरक रबराला कळत नाही. डाव्या सीटवर मी बसेन. बोल्ट पप्पा आवळतील, आणि त्यांना खालून सगळं दिसतं, हे त्यांनी मला आजच सांगितलं.

तुझीच (हात अजून हेच लिहितो),
एमिलिया