न धुतलेले दगड

तरीपण चूक तुमचीच होती, पप्पा. मी जास्त खायला घातलं म्हणून मासे मेले, हे तुमचं म्हणणं तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी मानलेलं नाही. दर रविवारी तुम्ही कात्रपच्या घरातली ती काचेची टाकी मोरीत नेऊन रिकामी करायचात, गोटे ब्रशने घासायचात, फिल्टरचा स्पंज नळाखाली पार पांढरा होईपर्यंत पिळायचात. दोन-तीन दिवसांत एखादा मासा उलटा. तुम्हीच मारता, असं मी म्हणायचो. जांभूळ गावच्या पाण्याच्या प्लँटवर क्लोरीन सोडायची तुमची नोकरी, त्यामुळे ते तुम्हाला फार लागायचं. "धुतल्याने मासा मरतो? मग मी काय अख्ख्या गावाला मारतोय का रे?" आणि परत ब्रश हातात. मला तेव्हा कारण माहीत नव्हतं, नुसता राग होता.

आता माहीत आहे. नववीत शाळा सुटली, कुठल्या नोकरीत टिकलो नाही, आणि आता इथे मस्कतला हॉटेलच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतो. माशांच्या मुतातून, उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया होतो. दिसत नाही, पण माशाचे कल्ले जळतात. दगडांवर, वाळूत, स्पंजमध्ये बॅक्टेरिया राहतात, ते अमोनिया खातात. त्यातून जे होतं तेही विषच, ते दुसरे बॅक्टेरिया खातात. शेवटी उरतं ते माशाला सोसतं, अधूनमधून पाणी बदललं की भागतं. तुमच्या नळातलं क्लोरीन या बॅक्टेरियांनाही मारायचं. त्याचं कामच ते.

मागे लॉबीतल्या टाकीचे दगड एका केरळी काकांनी नळाखाली धुतले. साफसफाईतून नुकतेच माझ्याकडे आलेले, तुमच्याच वयाचे. खूश होऊन म्हणाले, "कितना गंदा था भाई, चमका दिया." दोन दिवसांत मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. मॅनेजर काकांना गावी पाठवायला निघाला. मी म्हटलं, "साहेब, जीव लावून धुतलंय त्यांनी. मासे वाचले तर राहू द्या." बोलून गेल्यावर तुमचा तो ब्रश आठवला.

हॉटेलच्याच दुसऱ्या जुन्या टाकीतले न धुतलेले दगड आणून आत ठेवले, बॅक्टेरिया त्यांच्यावरून पसरावेत म्हणून. खाणं जवळपास बंद, रोज थोडं पाणी बदलायचं, बाकी नुसतं थांबायचं. मला थांबता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे. काका शेजारी स्टुलावर, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. तपासायच्या नळीत रोज हिरवं होणारं पाणी एका सकाळी पिवळंच राहिलं, म्हणजे अमोनिया गेला. एक मासा गेला. बाकीचे राहिले, काकाही राहिले.

आपली टाकी गच्चीवर पडून आहे, आई सांगत होती. म्हटलं, परत लाव, पण स्पंज नळाखाली नको, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलवून घे. तुझा वेळ जाईल, असं तिला सांगितलं. तुमच्यासाठी आहे, हे नाही सांगितलं. हे लिहिलेलंही मोबाईलमध्येच राहील. टाकीसाठी तिला घरखर्चाच्या वर अडीच हजार पाठवतोय.