चौकातल्या नळाचं गाऱ्हाणं

साकीनाका, मार्च १९८४

ती. बाबांच्या पायांवर सुगंधाचं डोकं.

आमच्या वस्तीत महापालिकेचा नळ आला. इथला दादा काशीराम तो स्वतःच्या दारात ओढत होता. आम्ही बायकांनी वॉर्ड ऑफिसात ठाण मांडून चौकात बसवून घेतला.

नारळ फोडताना देवाला घालायचं गाऱ्हाणं एकाही पुरुषाला येईना. गावच्या देवळात तुम्ही घालता ते ऐकून पाठ होतं, ते मीच घातलं. "ह्यां पाणी सगळ्यांचा, कोणी कोणाक अडवूचा नाय, म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." काशीरामालाही म्हणावं लागलं. आज त्याची बायको रांगेत माझ्या मागे होती.

आईला सांगा, खांदा आता फारसा दुखत नाही. तुमचा दमा कसा आहे?

आणि देवळातल्या मानकऱ्यांना सांगा, बाईने घातलेलं गाऱ्हाणंही देव ऐकतो.

तुमची सुगंधा